समलिंगी विवाहहक्काचं माहितीपत्रक: सुरुवात कुठून करावी?

पर्वतीकर
सदाशिव पेठेतल्या एका वाचनालयात दीड तासाची खुली चर्चा ठरली आहे. श्रोते बहुतेक साठीच्या पुढचे. ए-फोर कागदाच्या तीन घड्यांचं पत्रक वाटायचं आहे. '३७७ गेलं, मग लग्नही होतंच की' हा समज सर्रास दिसतो (३७७ म्हणजे समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारं दंडसंहितेचं कलम). काय घालू, काय गाळू?

कलमबहाद्दर
पहिल्या घडीवर दोनच तारखा. ६ सप्टेंबर २०१८: सज्ञान व्यक्तींचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा राहिले नाहीत. १७ ऑक्टोबर २०२३: सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात कलम ४ मध्ये पुरुषाचं वय २१, स्त्रीचं १८ असे शब्द आहेत. ते बदलणं संसदेचं काम, असं म्हटलं. लग्नाखेरीज काही कायदेशीर मान्यता द्यावी का, यावर मात्र न्यायाधीशांत ३ विरुद्ध २ अशी फूट होती. फेरविचार याचिका जानेवारी २०२५ मध्ये फेटाळल्या गेल्या. याच निकालातली एक ओळ नेहमी सुटते, ती जरूर घ्या: पारलिंगी (जन्मावेळी नोंदलेल्या लिंगाहून स्वतःची ओळख वेगळी असलेली) व्यक्ती भिन्नलिंगी नात्यात असेल तर तिला आजच्या कायद्यानेच लग्न करता येतं.

दस्तलेखक
उरलेल्या दोन्ही घड्या अर्जांतल्या 'नाते' या रकान्याला द्या. ज्येष्ठांना नॉमिनी, मृत्युपत्र, सोसायटी हे पाठ असतं. तिथून मुद्दा लगेच पोहोचतो.

सोसायटीच्या नामनिर्देशन अर्जात कोणाचंही नाव देता येतं. नाते या रकान्यात 'जोडीदार' लिहावं. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सोसायटी त्याला फक्त तात्पुरता सभासद करून घेईल, कायदेशीर वारस मात्र दावा लावू शकतात. हिंदू वारसा कायद्याच्या यादीत समलिंगी जोडीदार कुठेच नाही, म्हणून मृत्युपत्र हवंच. साध्या कागदावर चालतं, स्टॅम्प लागत नाही, दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. नोंदणी सक्तीची नाही, तरी करावीच. ज्याला घर मिळायचंय त्याला साक्षीदार करू नका, नातेवाइकांना आयता आक्षेप मिळतो.

आता फरक आकड्यांत दाखवा. महाराष्ट्रात राहतं घर नवरा, बायको किंवा मुलांना बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये. वीस वर्षं एकत्र राहिलेल्या जोडीदाराला दिलं, तर परक्याला दिल्यासारखं बाजारमूल्यावर पूर्ण शुल्क. शिवाय अशा भेटीचं मूल्य ५०,००० रुपयांपुढे गेलं तर ते सगळं घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरलं जातं. पती-पत्नीत तसं नाही. ही एक चौकट मोठ्या टायपात छापा.

पर्वतीकर
आणि दवाखाना? हा प्रश्न येणारच.

दस्तलेखक
पेशंट शुद्धीवर आणि सज्ञान असेल तर संमतीची सही त्याचीच. शुद्ध हरपली की 'नातेवाईक कोण?' विचारतात. आगाऊ वैद्यकीय निर्देश, म्हणजे उपचार कधी थांबवायचे हे आधीच लिहून ठेवलेला कागद (दोन साक्षीदार, शिवाय नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी), फक्त असाध्य आजाराच्या शेवटच्या टप्प्यासाठी. साध्या शस्त्रक्रियेला त्याचा उपयोग नाही. मानसिक उपचारांसाठी २०१७ च्या कायद्याखाली साध्या कागदावर सही करून कोणत्याही सज्ञान व्यक्तीला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमता येतं. आणि कुलमुखत्यारपत्र मृत्यूबरोबर संपतं. अंत्यसंस्काराचा हक्क त्यातून मिळतो, असं पत्रकात चुकूनही जाऊ देऊ नका.

एक चांगली बातमीही लिहा: समलिंगी जोडप्यांना बँकेत संयुक्त खातं उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला आडकाठी नाही, असं केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केलं. काउंटरवर अडवलं तर लेखी कारण मागावं.

शनिवारपेठी
मजकुराचं झालं, सभेचं सांगते. प्रश्न हात वर करून नकोत, चिठ्ठ्यांवर घ्या. श्रोत्यांत कोणाचा मुलगा किंवा बहीण असेल, ते त्यांना उघड न करता विचारता यायला हवं. चिठ्ठी आणि पेन खुर्चीवर आधीच ठेवा, मागावं लागलं की कोणी मागत नाही. फोटो अजिबात नकोत, दाराशीच तशी पाटी लावा. 'समलिंगी' आणि 'पारलिंगी' यांचे अर्थ पहिल्या पाच मिनिटांत सांगा, नाहीतर पुढचा तासभर त्याच गोंधळात जातो. सप्तपदी, धर्म यावर वाद निघाला तर इतकंच सांगा: मागणी नोंदणी कार्यालयातल्या लग्नाची आहे, कुठल्याही धर्माच्या विधीची नाही.