डावरला मराठीत काय म्हणायचं?

पानगळ: इंग्लंडच्या दुसऱ्या हेन्रीची मुलगी जोन, तिच्यावरचा एक लेख मराठीत करतेय आणि एका शब्दापाशी चार दिवस अडलेय. ११७७ मध्ये, अकरा वर्षांची असताना, पालेर्मोत तिचं सिसिलीच्या दुसऱ्या विल्यमशी लग्न झालं. विल्यमने मोन्ते सांत आंजेलोचा मुलूख तिच्या नावे लावून दिला. राजा आधी गेला तर राणीने त्यावर राहायचं. ११८९ मध्ये तो गेला, मूलबाळ नव्हतं. गादीवर आलेल्या टँक्रेडने जोनला अडकवलं आणि मुलूखही दाबला. पुढच्या वर्षी तिचा भाऊ रिचर्ड फौज घेऊन मेसिनाला उतरला, त्याने शहर घेतलं, तेव्हा कुठे मुलखाच्या बदल्यात २०,००० औंस सोनं सुटलं.
मी 'हुंडा' लिहिलं. लेख तपासणाऱ्या बाईंनी त्याभोवती गोल केला: हुंडा मुलीकडचे देतात, हा तर नवऱ्याने दिलाय. त्यांचं बरोबर आहे. इंग्रजीत माहेरचे देतात ती डाउरी वेगळी, नवरा देतो तो डावर वेगळा. डावरला आपल्याकडे काय?

गोदातीर: स्त्रीधन.

पानगळ: त्यात माहेरचे दागिनेही आले ना!

अर्जनवीस: मेहेर. मुस्लिम कायद्याच्या इंग्रजी पुस्तकांत मेहेरला डावरच म्हणतात. नवऱ्याने बायकोला द्यायचं, आणि तो वारला तरी तिचा हक्क राहतो.

गोदातीर: ख्रिस्ती राणीला मेहेर म्हटलं तर वाचक गोंधळेल. शब्द नसेल तर घडवावा. वैधव्यवृत्ती.

अर्जनवीस: त्यातून विधवेचा स्वभाव कळतो, जमीन नाही. चालता शब्द सोडून असले शब्द घडवतो म्हणूनच अनुवाद कुणी वाचत नाही.

नर्मदाकाठ: होळकरांची खासगी, म्हणजे राणीच्या नावची जहागीर, आठवा. १७३४ मध्ये पेशव्यांनी मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाईंच्या नावे ती लावून दिली, पुढे अहिल्याबाईंकडे आली. साधा शब्द हवा तर चोळीबांगडी. आमच्या आजीला सासऱ्यांनी विहिरीजवळचा दीड एकर चोळीबांगडीसाठी लिहून दिला होता. आजोबा गेल्यावर ती त्याच तुकड्यावर जगली.

पाटपाणी: आमच्याकडे चोळीबांगडी भाऊ देतो! सासरचे देतात हे पहिल्यांदाच ऐकतेय.

नर्मदाकाठ: कागद आहे घरात. आजीचा अंगठा आहे त्यावर.

अर्जनवीस: हुंड्याचं मूळ बघा. मालवाहतुकीचा ठेका घेणारा तो हुंडेकरी, आणि त्याचं ते हुंडाभाडं. एकरकमी ठरवलेला सौदा हाच मूळ अर्थ असावा, असं मला वाटतं. मग देणारा कोणत्या बाजूचा, हे शब्दात येतंच कुठे?

गोदातीर: शब्दात नसेल, पण माणसांच्या तोंडी आहे. मुंबई पोर्तुगीजांनी आंदण दिली असं शाळेत शिकलो, ते तरी बरोबर का? आंदण मुलीला देतात, हुंडा वराला. १६६१ च्या तहाने मुंबई इंग्लंडचा राजा चार्ल्सला मिळाली, त्याची पोर्तुगीज नवरी कॅथरीनला नव्हे. १६६८ मध्ये त्यानेच ती वर्षाला १० पौंडांवर ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. हुंडाच तो.

पाटपाणी: माझ्या आईला कपिला गाय आंदण दिली होती. बांधली सासरच्या गोठ्यात, दूध विकलं सासऱ्यांनी. पण मरेपर्यंत सगळे तिला 'वहिनीची गाय' म्हणायचे. आंदण कुणाच्या ताब्यात गेलं यावरून त्याचं नाव बदलत नाही.

गोदातीर: गाईचं ठीक आहे. बेटाचा करार झाला होता, आणि त्यात राजाचं नाव आहे.

पानगळ: नर्मदाकाठ, तुमच्या कागदावर 'चोळीबांगडीसाठी' लिहिलंय की 'चोळीबांगडी म्हणून'? आणि आजींच्या पश्चात ती जमीन कुणाकडे गेली?