रॉबिनची कारकीर्द 2005 पासून मोजायची का?

सिंथवेडी
स्टॉकहोमच्या पॉप गायिका रॉबिनचा विषय निघाला की लोक अजूनही 1997 च्या 'शो मी लव्ह'पाशीच थांबतात. ते गाणं अमेरिकेच्या बिलबोर्ड या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत सातव्या क्रमांकापर्यंत गेलं, हे खरं. तरी माझ्या मते तिची कारकीर्द 2005 पासून धरावी. त्याआधी ती रेकॉर्ड कंपनीची गायिका होती. 'द नाइफ' या स्वीडिश जोडीबरोबर केलेलं 'हूज दॅट गर्ल' कंपनीला रुचलं नाही, तेव्हा तिने पैसे भरून करारातून स्वतःला सोडवलं, कोनिचिवा रेकॉर्ड्स ही स्वतःची कंपनी काढली आणि त्याच वर्षी 'रॉबिन' हा अल्बम स्वीडनमध्ये आणला. दोन वर्षांनी स्वीडिश संगीतकार क्लेरूपबरोबरचं 'विथ एव्हरी हार्टबीट' ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर. स्वतःच्या अटींवर मिळालेलं यश ते हे.

खर्ज
अजिबात पटलं नाही. 'शो मी लव्ह'चं लेखनाचं श्रेय पाहा: स्वीडिश गीतकार-निर्माता मॅक्स मार्टिन आणि रॉबिन. पहिला अल्बम स्वीडनमध्ये आला 1995 मध्ये, म्हणजे सोळाव्या वर्षी ती सहलेखिका होती. नुसती गायिका म्हणून तिला बाजूला काढता येत नाही. आणि 1999 चा 'माय ट्रुथ' विसरलात का? त्यात गर्भपाताच्या अनुभवावरची गाणी होती. अमेरिकेतल्या कंपनीला बदल हवे होते, ती नाही म्हणाली, आणि अल्बम तिथे निघालाच नाही. एवढी मोठी बाजारपेठ तिने विशीत सोडली, तीही कंपनीच्या करारात असताना. ताठ कणा 2005 मध्ये उगवला नाही.

सिंथवेडी
ती नाही म्हणू शकली, पण तो अल्बम अमेरिकेत काढू शकली नाही. माझा मुद्दा नेमका तोच आहे. नकार द्यायची ताकद वेगळी आणि निर्णय घ्यायची वेगळी.

मास्टरटेप
इथे दोन हक्कांची सरमिसळ होतेय. एक, गाण्याच्या रचनेचा हक्क: शब्द आणि चाल. दुसरा, ध्वनिमुद्रणाचा म्हणजे मास्टरचा. कंपनीच्या पैशाने रेकॉर्डिंग झालं तर मास्टर सहसा कंपनीकडे राहतो. रचनेतला वाटा लेखकाकडे, किंवा त्याने करार केलेल्या प्रकाशकाकडे. 2005 मध्ये रॉबिनने बदललं ते मास्टरचं गणित. रेकॉर्डिंग स्वतःच्या कंपनीत, मग देशागणिक परवाना: ब्रिटनमध्ये आयलंड, अमेरिकेत चेरीट्री-इंटरस्कोप. वितरण आणि रेडिओवरचा प्रचार मोठ्या कंपनीने करायचा. अशा परवान्याची मुदत संपली की हक्क साधारणपणे मालकाकडे परत येतात. मात्र मुदत, आगाऊ रक्कम आणि प्रचाराच्या खर्चाची वसुली करारात नीट लिहिलेली नसेल, तर स्वतःची कंपनी नावापुरतीच उरते.

आता दुसरी बाजू. 'डान्सिंग ऑन माय ओन' (2010) रॉबिन आणि पॅट्रिक बर्गरचं. ब्रिटनमध्ये मूळ गाणं आठव्या क्रमांकापर्यंत गेलं. 2016 मध्ये ब्रिटिश गायक कॅलम स्कॉटने ते संथ करून गायलं आणि दुसऱ्या क्रमांकापर्यंत नेलं. त्या मुद्रणावर रॉबिनचा मास्टरहक्क नाही. तिला मिळतो तो रचनेचा वाटा. म्हणजे तिच्या सर्वांत गाजलेल्या गाण्याच्या त्या दुसऱ्या आयुष्यात कामी आलं ते लेखिकेचं श्रेय, जे तिला 1995 पासूनच मिळत होतं. कोनिचिवा नसती तरी ते मिळालंच असतं. या मुद्द्यावर मी खर्ज यांच्या बाजूने.

तालमात्रा
हिशोबाइतकंच गाण्याच्या बांधणीकडेही बघा. स्वीडिश निर्माता डेनिझ पॉप आणि मॅक्स मार्टिन यांच्या शाळेत, म्हणजे गाणी रचायच्या त्यांच्या पद्धतीत, चाल आधी, शब्द नंतर. एका ओळीत जितकी अक्षरं, तितकीच जोडीच्या ओळीत. आणि धृपद लवकर यायलाच हवं. 'विथ एव्हरी हार्टबीट' याच्या उलट जातं. नेहमीसारखं धृपदच नाही. मध्येच ठेका थांबतो, तंतुवाद्यं येतात, आणि मग शेवटाकडे एकच ओळ पुन्हा पुन्हा. कुठली कंपनी अशा गाण्यावर आधी सही करेल?

'डान्सिंग ऑन माय ओन'चा वेग मिनिटाला सुमारे 117 ठोके. सिंथचा (सिंथेसायझरचा) धडधडता बेस म्हणजे खालचा सूर सुरुवातीपासून चालू, वर मोठ्या ड्रमचा ठाम ठोका आणि अगदी एकाकी शब्द. पाय नाचतात आणि गळा दाटतो, दोन्ही एकाच वेळी. संथ आवृत्तीत ठेका गेला की फक्त दुःख उरतं. माझ्या लेखी ते गाण्याचं नुकसान आहे, यादीतला क्रमांक काहीही असो.

खर्ज
नुकसान कसलं? ठेका काढूनही चाल उभी राहते, यातच चालीची ताकद दिसते. आणि ती ताकद कुठून आली? तुम्ही ज्या शाळेला नावं ठेवता तिथूनच.

सिंथवेडी
शाळेला नावं कुणीच ठेवलेली नाहीत. पण 2010 चा 'बॉडी टॉक' पाहा. जूनमध्ये आठ गाण्यांचा पहिला भाग, सप्टेंबरमध्ये आठांचा दुसरा, नोव्हेंबरमध्ये 15 गाण्यांचा पूर्ण अल्बम: आधीच्या प्रत्येक भागातली पाच आणि पाच नवी. पहिल्या भागात 'हँग विथ मी' साध्या वाद्यांवर, दुसऱ्यात तेच नाचतं. 'इन्डिस्ट्रक्टिबल'चंही तसंच, दुसऱ्या भागात साधं आणि शेवटी नाचतं. श्रोत्याला पुढच्या भागाची ओढ लागते. असं वेळापत्रक आखायला निर्णय स्वतःच्या हातात लागतो.

खर्ज
आणि चाहत्याने आधीचे भाग घेतले असतील तर तीच दहा गाणी पुन्हा विकत घ्यायची! त्यानंतर पुढचा एकल अल्बम 'हनी' थेट ऑक्टोबर 2018 मध्ये. मध्ये आठ वर्षं.

तालमात्रा
त्या आठ वर्षांत नॉर्वेच्या रॉयक्सॉप या जोडीबरोबर 'डू इट अगेन' (2014) झालं, ला बॅगाटेल मॅजिक या तिच्या गटाचं काम झालं, आणि 2014 मध्येच तिचा जुना सहकारी क्रिश्चन फॉल्क कर्करोगाने गेला. 'हनी'त नऊच गाणी आहेत आणि त्यातली बरीचशी घाईने धृपदावर उडी मारत नाहीत. शीर्षकगीत तर एकाच लयीत हळूहळू दाट होत जातं. कंपनीच्या तारखेवर ते गाणं एवढं मुरलं नसतं. कारकीर्द 1995 पासूनच मोजा, माझी हरकत नाही. पण ही आठ वर्षं रिकामी म्हणून त्यातून वजा करू नका.