देशाचा इतिहास त्या देशाच्या सीमेत मावतो का?

दर्यावर्दी

माझं मत आधीच सांगून टाकतो: कुठल्याही देशाचा इतिहास फक्त त्याच्या हद्दीत बसून लिहिला तर तो अर्धाच नव्हे, चुकीचाही होतो. उदाहरण मुद्दाम फ्रान्सचं घेतो, कारण ‘फ्रेंच राज्यक्रांतीने जगाला स्वातंत्र्य आणि समता दिली’ हे वाक्य आपण सगळ्यांनीच घोकलेलं आहे.

१७८९ च्या जाहीरनाम्याने माणसाचे हक्क सांगितले, पण फ्रेंच वसाहतींतली गुलामगिरी तशीच ठेवली. सँ-दोमँगमध्ये, म्हणजे आजच्या हैतीत, तेव्हा सुमारे ५ लाख गुलाम होते. ऑगस्ट १७९१ मध्ये त्यांनी उठाव केला. दोन वर्षांनी स्पेन आणि ब्रिटनशी युद्ध पेटलं, तेव्हा वसाहत हातची जाणार हे तिथला फ्रेंच आयुक्त सोंतोना याला दिसत होतं. त्याने ऑगस्ट १७९३ मध्ये वसाहतीच्या उत्तर भागात गुलामांना स्वतंत्र जाहीर केलं. पॅरिसला विचारायला वेळही नव्हता.

मग फेब्रुवारी १७९४ मध्ये तिथले तीन प्रतिनिधी पॅरिसच्या कन्व्हेन्शनमध्ये, म्हणजे क्रांतिकाळातल्या संसदेत, येऊन बसले: एक गोरा, एक मिश्रवंशीय आणि एक काळा. तो तिसरा जाँ-बाप्तिस्त बेले, स्वतः एकेकाळचा गुलाम. ४ फेब्रुवारीला कन्व्हेन्शनने सगळ्या वसाहतींतली गुलामगिरी रद्द केली. राज्यक्रांतीतलं सर्वांत धाडसी पाऊल उसाच्या मळ्यांतून आलं आणि पॅरिसने त्यावर शिक्का मारला. फ्रान्सच्या इतिहासातून कॅरिबियन वगळलं तर हे कळणार कसं?

वहिवाट

बेलेचा प्रसंग मोलाचाच आहे, पण त्यावर तुम्ही फार मोठी इमारत चढवताय. १७८९ च्या उन्हाळ्यात फ्रान्सच्या खेडोपाडी शेतकऱ्यांनी जमीनदारांच्या गढ्यांवर चाल केली, देण्यांच्या नोंदी असलेले दस्तऐवज शोधून जाळले. त्या धास्तीनेच ४ ऑगस्टच्या रात्री सरदारांनी राष्ट्रीय सभेत आपले विशेषाधिकार सोडले. त्या शेतकऱ्यांना छळणारा जमीनदार त्यांच्याच गावचा होता, चर्चचा दशमांशही तिथेच वसूल होत होता. यात समुद्रापारचं काय आहे?

सीमापार इतिहासाच्या या लाटेत जो जहाजात बसला, ज्याने पत्रं लिहिली, ज्याने व्यापार केला तोच दिसतो. जन्मभर एका शिवारात राबलेला माणूस पुन्हा अंधारात जातो. आणि तीच तर बहुसंख्या.

दर्यावर्दी

शेतकरी उठले तेव्हा देशात सत्ता डळमळीत का झाली होती? राजा सोळाव्या लुईला एस्टेट्स-जनरल, म्हणजे धर्मगुरू, सरदार आणि सामान्य अशा तिन्ही वर्गांच्या प्रतिनिधींची सभा, बोलवावी लागली, कारण तिजोरी रिकामी होती. आणि ती रिकामी होण्यात मोठा वाटा अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धासाठी काढलेल्या कर्जांचा होता. फ्रान्स त्यात १७७८ साली उतरला.

वहिवाट

त्याच युद्धात ब्रिटन लढला, हरला, कर्जात बुडाला. तिथे क्रांती का नाही झाली? तिथे संसद कर बसवत होती, म्हणून सावकारांचा भरवसा होता आणि व्याजाचा दर कमी होता. फ्रान्समध्ये सरदार आणि धर्मगुरू बऱ्याच करांतून सुटलेले, सगळा बोजा उरलेल्यांवर. धक्का दोघांना एकच बसला. घर कुणाचं पडलं, हे आतल्या भिंतींवरून ठरलं. इतिहासकाराने त्या भिंती तपासायच्या की नाही?

शिरस्तेदार

वहिवाट यांच्याशी सहमत. आपल्याकडचंच उदाहरण देतो. १८७५ चे दख्खनचे दंगे, म्हणजे शेतकऱ्यांचे सावकारांविरुद्धचे उठाव, अमेरिकेच्या यादवी युद्धाला जोडण्याची पद्धत आहे: १८६१ मध्ये तिथला कापूस बंद, इकडे भाव चढले, शेतकऱ्याला कर्ज सहज मिळू लागलं, १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले, शेतकरी अडकला. ऐकायला छान. पण दंगा १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात सुरू झाला, म्हणजे युद्ध संपल्यावर दहा वर्षांनी. आणि पुणे-नगरच्या त्या पट्ट्यात कापूस मुख्य पीकच नव्हतं; कापसाचा मुलूख म्हणजे वऱ्हाड, खानदेश, धारवाड.

सुप्यात लोकांनी काय मागितलं ते पाहा: सावकारांच्या वह्या आणि रोखे. हाती आले ते जाळले. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने रोखा तीन वर्षांपुरताच चालायचा. मग दर तीन वर्षांनी सावकार नवा रोखा लिहून घ्यायचा, आणि थकलेलं व्याज त्यात मुद्दल म्हणून चढवायचा. शिवाय जमिनीच्या फेरआकारणीत सारा, म्हणजे सरकारी शेतकर, वाढलेला. दंग्याची कारणं शोधायला मिसिसिपीपर्यंत जायची गरज नाही.

कोरांटी

शिरस्तेदार, मुदतीचा कायदा कुणी केला? सारा कुणी वाढवला? कर्जाची फिर्याद जिथे चालायची ती कोर्टं कुणाची? तुम्ही ज्याला ‘आतलं’ म्हणताय ते सगळं लंडनला उत्तर देणाऱ्या सरकारचं होतं. कापसाचा धागा कच्चा आहे हे मान्य, पण म्हणून दंगा सीमेच्या आत मावला असं होत नाही.

आणि सीमापार म्हणजे फक्त भाव आणि जहाजं, हे तर मुळीच पटत नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांना पत्र लिहिलं, कारण अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची फिर्याद संयुक्त राष्ट्रांपुढे नेण्याचा प्रयत्न चालू होता. या लोकांनी आपला प्रश्न एका देशापुरता मानलाच नव्हता. आपण आज त्यांना राष्ट्राच्या चौकटीत कोंबायचं, हा त्यांच्यावर अन्याय आहे.

वहिवाट

फुल्यांचं उदाहरण बिनतोड, कारण तिथे लेखी दुवा आहे. माझं म्हणणं एवढंच की दुवा दाखवा. १७८९ मध्ये फ्रान्सच्या शेतकऱ्यांनी दस्तऐवज जाळले, १८७५ मध्ये सुप्याच्या शेतकऱ्यांनी रोखे जाळले. विलक्षण साम्य, संबंध शून्य. हल्ली अशी साम्यं शेजारी ठेवून त्यांना ‘जागतिक इतिहास’ म्हणतात.

दर्यावर्दी

दुवा मागता, तर घ्या. १८२५ मध्ये फ्रान्सचा राजा दहाव्या चार्ल्सने एव्हाना स्वतंत्र झालेल्या हैतीच्या किनाऱ्यावर युद्धनौका पाठवून हुकूम बजावला: स्वातंत्र्याला मान्यता हवी तर मळेवाल्यांचं नुकसान म्हणून १५ कोटी फ्रँक द्या. पहिल्या हप्त्यासाठी हैतीने पॅरिसमध्येच कर्ज काढलं. १८३८ मध्ये रक्कम घटवली, तरी हे देणं पिढ्यान्‌पिढ्या पुरलं. हैतीची गरिबी तिथल्याच राज्यकर्त्यांच्या माथी मारायची आणि हे पान उघडायचं नाही, हा कुठला न्याय?

वहिवाट

पान उघडाच, पण पुढचंही उलटा. पैसा मागितला पॅरिसने. तो कुणाच्या घामातून काढायचा हे हैतीच्या राजधानीत, पोर्ट-ओ-प्रिन्समध्ये ठरलं. अध्यक्ष बोय्ये यांच्या सरकारने १८२६ मध्ये ग्रामीण कायदा आणून शेतमजुरांना पुन्हा मळ्यांना जखडलं. तो कायदा फ्रेंचांनी लिहिला नव्हता.

दर्यावर्दी

नव्हता लिहिला. पण आधीच्याच वर्षी किनाऱ्यावर तोफा नसत्या, तर बोय्येला एवढी निर्यात कशासाठी हवी होती? माझी मागणी इतकीच आहे की १८२५ चा हुकूम आणि १८२६ चा कायदा एकाच प्रकरणात छापावा, आणि ते प्रकरण फ्रान्सच्या इतिहासातही असावं. यातलं काय गाळायचं ते सांगा.