झेंडा सहा रंगांचा, पट्टा सात इंचांचा

*सुलभा वैनी, बी-१०२:* रविवारी पणजीत प्राइडला, म्हणजे समलिंगी-ट्रान्स लोकांच्या मिरवणुकीत, मिरामार ते कला अकादमी आपल्यातले कोण कोण चालणार? झेंडे घरीच शिवू. इंद्रधनुष्य म्हणजे सात रंग ना?

*किशोर, ए-३०४:* सहा, वैनी. वरून लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, जांभळा. १९७८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत गिल्बर्ट बेकरने केला तेव्हा आठ होते. भडक गुलाबी कापड पुरेसं मिळेना म्हणून तो गेला, मागून फिरोजीही गळला.

*मेधा, बी-२०१:* मापं लिहून घ्या. ५ बाय ३ फुटांच्या झेंड्याला तयार पट्टा ६ इंच. दोन्हीकडे अर्धा इंच शिलाई, म्हणजे ७ इंच कापायचा. ३६ इंची पन्ह्याचं, प्रत्येक रंगाचं पावणेदोन मीटर घेतलं की उभे पाच पट्टे निघतात. पाच झेंडे झाले. सुती पॉपलीन नको, भिजलं की लाल रंग नारिंगीत उतरतो. टॅफेटा घ्या, फक्त ते सुळसुळतं. टाचण्या जवळजवळ लावा, नाहीतर झेंडा तिरका ओढला जातो. काठीकडे ३ इंच दुमडून नळी. काठी बांबूचीच, मिरामारच्या वाऱ्यात पीव्हीसी पाइप वाकतो.

*काका, सी-००१:* शिगम्याची मिरवणूक आहे ना? आणखी ही कशाला? आणि ह्यांचा महिना जून ना?

*किशोर, ए-३०४:* जूनच्या पावसात घुमट वाद्याचं कातडं सैल पडेल, काका 🙂 मुंबई-दिल्लीतही हिवाळ्यातच निघते. आणि शिगम्याला पोलीस रस्ता मोकळा करून देतात; ही चाल पोलिसांच्या छाप्याला झालेल्या विरोधातूनच सुरू झाली. २८ जून १९६९, न्यूयॉर्कचा स्टोनवॉल, समलिंगींचा बार. वर्षाने त्याच तारखेला तिथला पहिला मोर्चा. आपल्याकडे २ जुलै १९९९, कोलकाता, जेमतेम पंधरा माणसं. समलिंगी संबंध गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ चा निकाल लागायला ६ सप्टेंबर २०१८ उजाडला. लग्नाचा हक्क तर १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालातही मिळाला नाही. म्हणून अजून चालतात.

*मेधा, बी-२०१:* फोटोचं आधीच सांगते. विचारल्याशिवाय कुणाचा चेहरा टिपायचा नाही, ग्रुपवर तर नाहीच. घरी न सांगता आलेली मुलं असतात, आणि इथला फोटो अर्ध्या तासात फोंड्याच्या मावशीकडे पोचतो. पाठमोरे काढा, झेंडा छान दिसतो.

*सुलभा वैनी, बी-१०२:* बरं. मशीन कुणाकडे आहे?

*काका, सी-००१:* माझ्याकडे. तेल घालून ठेवतो. सुई ११ नंबरची आणा, १६ ची टॅफेटाचे धागे ओढते.