कॅनन १५००डी घ्यावा का? फायदे-तोटे सांगा (पुणे, बजेट ४५ हजार)

टेकडीवाली

नमस्कार मंडळी,

कॅमेरा घ्यायचाय आणि डोकं पार भंजाळलंय. इथले जुने धागे वाचले, पण त्यातली निम्मी मॉडेलं आता दुकानात दिसतही नाहीत, म्हणून नवा धागा काढतेय.

मला काय करायचंय ते आधी सांगते. कोथरूडला राहते, सकाळी वेताळ टेकडीवर फिरायला जाते. तिथले पक्षी, पावसाळ्यातली रानफुलं, थंडीत जमलं तर नदीकाठच्या कवडीपाटला बदकं बघायला. भाचा ढोलपथकात आहे, त्यामुळे गणपतीत लक्ष्मी रोडवर फोटो काढायची जबाबदारी बहिणीने माझ्यावर टाकलेली असते. शिवाय घरातली बारशी, मुंजी. आजवर सगळं फोनवर भागलं. फुलं फोनवर छानच येतात, पण फांदीवरचा पक्षी म्हणजे नुसता ठिपका, आणि तो मोठा करून बघितला तर पाण्यात विरघळलेला रंग. मिरवणुकीतही ढोल दिसतो, वाजवणाऱ्याचे हात दिसत नाहीत.

दुकानात कॅनन १५००डी दोन लेन्ससकट दाखवला, १८-५५ आणि ५५-२५० (आकडे मिलिमीटरचे, जेवढा मोठा तेवढं लांबचं जवळ दिसतं). शेजारी ३०००डी होता, तो बराच स्वस्त. फरक विचारला तर "सारखेच आहेत मॅडम, याला मेगापिक्सेल जास्त" एवढंच उत्तर मिळालं. भाचा म्हणतो डीएसएलआरचा (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्याचा) जमाना गेला, मिररलेस (बिनआरशाचा) घे. नवरा म्हणतो त्या पैशात फोन बदल.

१५००डी माझ्या कामाला पुरेल का? नसेल तर कुठे कमी पडेल? मला चष्मा आहे, आणि व्हिडिओची फारशी हौस नाही. बजेट ४५ हजार, फार तर ५०.

---

पेठकर

यजमानांचं बरोबर आहे. कॅमेरा घेतलेल्यांपैकी किती जणांचा आज कपाटात आहे आणि किती जणांचा गळ्यात, याचं हात वर करून मतदान घ्या आधी.

---

लेन्सकाका

पेठकर, तुमचा हात खाली असू द्या.

ताई, ३०००डी यादीतून काढून टाका. मेगापिक्सेल १८ की २४ याने तुम्हाला काडीचा फरक पडणार नाही. पण त्याच्या व्ह्यूफाइंडरला (डोळा लावून बघायच्या खिडकीला) डायॉप्टरची, म्हणजे डोळ्याच्या नंबराप्रमाणे जुळवायची, चकती नाही. चष्मा काढून बघायचं म्हटलं तर सगळं धूसर, आणि चष्म्यासकट डोळा लावला तर कोपरे दिसत नाहीत. १५००डीला ती चकती आहे. शिवाय ३०००डीचा लेन्स माउंट (लेन्स बसते ती कडी) प्लॅस्टिकचा आणि मागचा पडदा २.७ इंची, तोही अगदी भरड. त्यावर फोटो शार्प आलाय की हलला हेच कळत नाही. वाचवलेले पैसे तिथेच जातात.

आता १५००डी. हा २०१८चा कॅमेरा आहे आणि आतला प्रोसेसर त्याहूनही जुन्या पिढीतला. पण सेन्सर (आतला उजेड टिपणारा तुकडा) एपीएस-सी, म्हणजे २२.३ बाय १४.९ मिलिमीटर. कुठल्याही फोनच्या टेलीफोटो कॅमेऱ्यातला सेन्सर यापुढे टिकलीएवढा. तुमचा ठिपक्याचा प्रश्न इथे सुटतो. २५० मिलिमीटरची लेन्स यावर ४०० मिलिमीटरसारखं दृश्य देते, आणि २४ मेगापिक्सेल असल्यामुळे त्यातलंही निम्मं कापून टाकता येतं. बुलबुल, कोतवाल, दहा-पंधरा फुटांवरचा दयाळ, अगदी पिसं मोजता येतील असे येतात.

कमी पडतो तो वेगात. फोकसचे बिंदू नऊच, आणि त्यातला फक्त मधला क्रॉस टाइपचा (आडव्या-उभ्या दोन्ही रेषा पकडणारा). बाकीचे आठ कमी उजेडात चाचपडतात. म्हणून मधला बिंदू पक्का करून ठेवायचा आणि पक्ष्याच्या डोळ्यावर धरायचा. सेकंदाला तीनच फोटो. बसलेला पक्षी मिळेल, उडणारा नशिबाने. मागच्या पडद्यावर बघून फोटो काढायला गेलात तर फोकस इतका रेंगाळतो की फुलपाखरू दुसऱ्या फुलावर जातं. यात कॅननचं ड्युअल पिक्सेल फोकस (पडद्यावर बघतानाही झटपट होणारं) नाही, ते २००डी मार्क २ मध्ये आहे. पडदा टचही नाही आणि फिरतही नाही, त्यामुळे जमिनीलगतच्या रानफुलासाठी पोटावर झोपावं लागेल. फुलांना फोनच वापरत राहा, त्यात कमीपणा नाही.

व्हिडिओची हौस नाही म्हणालात ते उत्तम. फुल एचडीच्या पुढे जात नाही, बाहेरचा माइक लावायला जागा नाही.

---

शेकाट्या

काकांशी बाकी सहमत, पण कवडीसाठी २५० म्हणजे आशेवर बसणं आहे. नदीच्या मधोमध चक्रवाकांचा थवा असतो, काठावरून बघताना ते चांगलेच लांब असतात. टेकडीवर ठीक. भिगवणला नावेतून जाता येतं म्हणून तिथेही चालून जातं, रोहित (फ्लेमिंगो) मोठा पक्षी आहे. कवडीला मात्र हळहळ होते.

नुसते पक्षीच असते तर मी ब्रिज कॅमेरा सुचवला असता. लेन्स बदलायची भानगड नाही. कॅनन एसएक्स७० २१ ते १३६५ मिलिमीटरपर्यंत जातो, निकॉन पी९५० थेट २००० पर्यंत. पक्षी कोणता हे ओळखायला, नोंदीला फोटो हवा असेल तर याला तोड नाही. पण सेन्सर साधारण फोनएवढाच. डिसेंबरच्या सकाळी सात वाजता आणि मिरवणुकीत रात्री, दोन्हीकडे फोटोत दाणे दाणे दिसतात.

म्हणजे तुमची दोन कामं तुम्हाला दोन दिशांना ओढतायत. पक्षी जास्त की माणसं जास्त, हे आधी ठरवा.

---

टेकडीवाली

काका, शेकाट्या, मनापासून आभार. इतकं सविस्तर कोणी सांगितलंच नव्हतं.

खरं सांगायचं तर माणसं जास्त. पक्षी टेकडीवर दिसतील तेवढे पुरेत, कवडी वर्षातून एकदोनदा. मग १५००डीच का? आणि मिरवणुकीचं काय, दोन्हीपैकी कुठली लेन्स लावू?

दुसरं, ऑफिसमधला एकजण निकॉन डी३५०० विकतोय, १८-५५ सकट. फार वापरलेला नाही म्हणतो. तो बघू का?

---

चिंचवडकर

भाच्याच्या बाजूने थोडं बोलतो. कॅनन आता नवे डीएसएलआर आणत नाही, सगळं लक्ष मिररलेसवर आहे. आर१०० हा त्यातला सर्वात खालचा, २०२३चा. पडदा त्याचाही टच नाही, पण माणसाचा चेहरा आणि डोळा स्वतः शोधून फोकस करतो, आणि फोटो कसा येणार ते व्ह्यूफाइंडरमध्ये आधीच दिसतं. नवशिक्याला हा फार मोठा आधार आहे. १५००डीत फोटो काळा आला हे काढल्यावर कळतं.

---

लेन्सकाका

चिंचवडकर, मुद्दा मान्य. पण आर१०० बरोबर लांब लेन्सही घ्यायची तर ५० हजारात बसवून दाखवा. आरएफ (म्हणजे मिररलेसच्या) लेन्सेसचा जुना बाजार अजून छोटा आहे. १५००डीचा ईएफ माउंट १९८७ पासून चालत आलाय, त्यामुळे वापरलेल्या लेन्सेस भरपूर मिळतात. आणि पुढेमागे मिररलेस घेतलाच तर या लेन्सेस अ‍ॅडॅप्टर लावून त्यावर चालतात. जमाना गेला म्हणून लेन्स वाया जात नाही.

ताई, मिरवणुकीला त्या दोन्ही लेन्स लावू नका. किट लेन्स (१८-५५) ५५ वर नेली की तिचं अ‍ॅपर्चर ५.६ पर्यंत आवळतं (उजेड आत येणारं भोक लहान होतं, आकडा मोठा तेवढं भोक लहान). ५० मिलिमीटर १.८ ही स्वतंत्र लेन्स घ्या, एसटीएम (शांत फोकस मोटरची) लिहिलेली. दोन्हीची तुलना केली तर हिच्यातून जवळपास दहापट उजेड आत येतो. तुमच्या फोटोत हात दिसत नाहीत याचं कारण फोन उजेड गोळा करायला शटर बराच वेळ उघडं ठेवतो, आणि तेवढ्यात टिपरू खाली येऊन वर गेलेलं असतं. शटर १/२५० च्या खाली जाऊ द्यायचं नाही, टिपरू हवेत थांबलेलं हवं असेल तर १/५००. आयएसओ (उजेड टिपायची संवेदनशीलता) १६०० किंवा ३२०० ठेवा, दाणे दिसले तरी चालतील, हललेल्यापेक्षा दाणेदार बरा.

एक तोटा आहे. एपीएस-सीवर ती ८० मिलिमीटरसारखी दिसते. पथकाचा अख्खा ताफा त्यात मावणार नाही, दोन-तीन वादक मावतील. बारशाला छोट्या खोलीत तर पाठ भिंतीला टेकते. तिथे दिवसा किट लेन्सच बरी.

म्हणून माझा हिशोब असा: दोन लेन्सवाला सेट पहिल्या दिवशीच घेऊ नका. बॉडी आणि १८-५५ घ्या, सोबत ५० ची. ५५-२५० नंतर वापरलेली घ्या, तीही एसटीएम. सेटमध्ये जी ५५-२५० आयएस २ (जुनी आवृत्ती) देतात तिची मोटर घरघरते आणि फोकसही सावकाश करते. किंमत वेगळी असते, पण टेकडीवर पक्षी थांबत नाही तुमच्यासाठी.

डी३५०० बद्दल. निकॉनने तो बंद केलाय, पण कॅमेरा म्हणून १५००डीपेक्षा बराच सरस. सेकंदाला पाच फोटो, फोकसचे अकरा बिंदू, बॉडी ३६५ ग्रॅम. एका चार्जिंगला कंपनीच्या हिशोबाने १५५० फोटो, कॅननचे ५००. अडचणी दोन. वाय-फाय नाही, फक्त ब्लूटूथ, त्यामुळे मूळ आकाराचे फोटो फोनवर आणायचे तर कार्ड रीडर लागतो. दुसरी महत्त्वाची, बॉडीत फोकसची मोटर नाही. जुनी स्वस्त ५० मिलिमीटर १.८डी लेन्स यावर आपोआप फोकस करत नाही. नावात एएफ-एस किंवा एएफ-पी (म्हणजे मोटर लेन्समध्येच) असलेलीच घ्यायची. दुकानदार "बसते ना" म्हणेल, बसतेच, फोकस हाताने करावा लागतो.

---

शेकाट्या

वापरलेला बघायला जाल तेव्हा स्वतःचं कार्ड घेऊन जा. फोटो काढून घरी आणा, निकॉनच्या फोटोतल्या एक्झिफ माहितीत (फोटोच्या फाइलमध्येच साठलेल्या नोंदीत) शटर किती वेळा पडलंय तो आकडा असतो. फार वापरलेला नाही म्हणजे नक्की किती ते तिथे कळतं. (कॅननच्या फोटोत हा आकडा नसतो, वेगळं सॉफ्टवेअर लागतं.) मग अ‍ॅपर्चर १६ वर ठेवून मोकळ्या आकाशाचा एक फोटो, सेन्सरवरची धूळ काळ्या डागांनी दिसते. ती साफ होते, घाबरायचं नाही. लेन्स मात्र काढून मोबाइलच्या टॉर्चसमोर तिरकी धरा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर उठून चालू लागा, ती बुरशी. बिलावरचा नंबर आणि बॉडीखालचा नंबर जुळतो का तेही बघा.

---

मुठाकाठ

बुरशीचा विषय निघालाच आहे म्हणून. पुण्यातले जुलै-ऑगस्ट लेन्सला वाईट. कॅमेरा बॅगेत घालून कपाटात ठेवणं हा सर्वात खात्रीचा मार्ग आहे बुरशी आणायचा. ड्राय कॅबिनेट नको असेल तर स्वयंपाकघरात मिळतो तसा रबरी कडेचा हवाबंद डबा, सिलिका जेलची पाकिटं आणि एक छोटा आर्द्रता मोजायचा काटा. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान हवी. सिलिकाचा रंग बदलला की तापवून पुन्हा वापरता येतं. आणि आठवड्यातून एकदा कॅमेरा बाहेर काढून चार फोटो काढा, पेठकरांची मतदानाची सोयही होईल.

---

पेठकर

मतदान रद्द.

एक कामाचं सांगतो, घर मिरवणुकीच्या वाटेवरच आहे. या स्वस्त बॉड्यांना धूळ-पाण्याचं कसलंही संरक्षण नसतं. गुलाल आणि भंडारा उधळत असताना रस्त्यात लेन्स बदलायची नाही म्हणजे नाही. ५० ची घरूनच लावून निघा आणि रात्री घरी येईपर्यंत काढू नका. बॉडीवर प्लॅस्टिकची पिशवी, पुढे भोक पाडून रबरबँड. पट्टा खांद्यावर नको, गळ्यातून आडवा.

---

चिंचवडकर

नवीन १५००डी घेतलात तर अजून एक. फ्लॅश लावायच्या खाचेत मधला गोल संपर्कबिंदू आहे का ते दुकानातच बघा. कॅननने तो या मॉडेलमधून काढून टाकला, त्यामुळे दुसऱ्या कंपन्यांचे साधे स्वस्त फ्लॅश त्यावर पेटत नाहीत. मुंजीला हॉलमध्ये फ्लॅश लागतोच. आणि ही बॅटरी यूएसबीने चार्ज होत नाही, पॉवरबँकेच्या भरवशावर निघू नका.

---

टेकडीवाली

सगळ्यांचे आभार. फ्लॅशचं तर मला कोणी सांगितलंच नसतं.

उद्या ऑफिसात कार्ड घेऊन जाते आणि डी३५०० चे फोटो काढून आणते. आकडा बरा निघाला आणि लेन्स स्वच्छ असेल तर तोच, वर एएफ-एस ५० मिलिमीटर. नाहीतर नवा १५००डी, १८-५५ आणि ५० ची एसटीएम. मिररलेस भाच्याने स्वतःच्या पगारातून घ्यावा.

काका, एक राहिलं. डी३५०० घेतला तर टेकडीसाठी लांब लेन्स कुठली बघू?

---

लेन्सकाका

एएफ-पी ७०-३००, व्हीआर (हात हलला तरी फोटो सावरणारी) लिहिलेलीच. त्याच नावाची व्हीआर नसलेलीही येते, दिसायला अगदी तशीच. लेन्सच्या नळीवरची अक्षरं स्वतः वाचून घ्या, दुकानदाराला वाचायला सांगू नका.