स्टीपलचेस: अडथळा, अडसर की नुसतं स्टीपलचेस?

गोदाकाठ: नाशिकच्या एका क्रीडा वार्षिकात 'कनिष्ठ जागतिक स्पर्धेतील पुरुषांची ३००० मीटर अडथळ्यांची शर्यत' असं छापायला निघालंय. मला ते खटकतं. 'अडथळ्यांची शर्यत' म्हटलं की शाळेच्या मैदानावर पोत्यात उड्या मारणारी, टायरमधून निघणारी पोरं दिसतात. शिवाय ११० मीटर हर्डल्सलाही हाच शब्द लावतात. स्टीपलचेस म्हणजे ट्रॅकवर न पडणारे दांडे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावायची शर्यत. तिला वेगळा मराठी शब्द आहे का? एकाने 'मनोऱ्यांचा पाठलाग' सुचवलाय. त्याच्यावर चर्चा नको.

कोशकीडा: करावी लागेल, कारण मूळ तिथेच आहे. स्टीपल म्हणजे चर्चचा निमुळता उंच कळस. १७५२ साली आयर्लंडच्या कॉर्क परगण्यात दोन घोडेस्वारांची बटेवंटच्या चर्चपासून डोनरेलच्या चर्चपर्यंत पैज लागली. कळस लांबून दिसतो, म्हणून त्याच्या रोखाने नाकासमोर जायचं आणि वाटेत येतील ती कुंपणं, चर, ओढे ओलांडायचे. आपल्याकडे ओझरहून पिंपळगावच्या एखाद्या कळसाकडे सरळ निघालं तर मधे द्राक्षबागांच्या तारा आणि पाटाच्या चाऱ्या लागतील, तसंच. पुढे माणसं ट्रॅकवर धावायला लागली तेव्हा कुंपणाचा झाला लाकडी दांडा आणि ओढ्याचा झाला पाण्याचा खड्डा. म्हणजे पाणी ही शोभेची भर नाही, ते शब्दातच आहे. 'चेस' मात्र इथे पाठलाग नाही, ती धाव आहे.

शिट्टी: हर्डल आणि हे एकच समजणं ही खरी चूक. हर्डलच्या वरच्या पट्टीला साधारण ४ किलोचा जोर लागला की ते पुढे पडायला हवं, तशीच त्याची रचना असते. स्टीपलचेसचा दांडा पडत नाही. वजन ८० ते १०० किलो, रुंदी किमान ३.९४ मीटर, वरची तुळई १२.७ सेंटिमीटर चौरस. प्रत्येक धावपटूला स्वतंत्र लेन नाही, सगळा घोळका एकाच दांड्यावर येतो. पुढच्याच्या पाठीमुळे मागच्याला दांडा उशिरा दिसतो, पावलं चुकतात, ऐन वेळी दोन-तीन आखूड पावलं टाकावी लागतात आणि वेग तिथेच जातो. हर्डलला गुडघा लागला तर हर्डल पडतं. इथे गुडघा लागला तर माणूस पडतो. ज्या शब्दात हा फरक दिसत नाही तो शब्द माझ्या लेखी कच्चा.

उंचीबद्दलही लिहून ठेवा. २० वर्षांखालील मुलांच्या ११० मीटर हर्डल्सची उंची मोठ्यांच्या १०६.७ वरून ९९.१ सेंटिमीटरवर आणतात. स्टीपलचेसचा दांडा मात्र ज्युनियरांनाही ९१.४ सेंटिमीटरच, मोठ्या पुरुषांइतकाच. १८ वर्षांखालील गटात अंतर कमी होऊन २००० मीटर होतं.

कोशकीडा: मग शब्द घरातच आहे: अडसर. पंचवटीतल्या जुन्या वाड्यांच्या दिंडीदरवाजाला आतून आडवी घालायची ती जाड चौकोनी तुळई. न हलणारी, आडवी, चौरस. शिट्टी यांनी सांगितलेल्या दांड्याचं हेच वर्णन. 'अडसर शर्यत' म्हणा.

गोदाकाठ: सुरेख आहे, पण आज 'अडसर' वाचला की लोकांना निधीचा, जमिनीचा, परवानगीचा अडसर आठवतो. वाड्याचा दरवाजा पाहिलेले किती उरलेत?

कोशकीडा: म्हणूनच तो शीर्षकात नको, वस्तूला वापरा. शर्यत स्टीपलचेस, त्यातला दांडा अडसर. मथळ्यात स्टीपलचेसच राहू द्या. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेने २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं तेव्हा सगळ्या मराठी वाचकांनी 'स्टीपलचेस'च वाचलं, कोणाचं काही अडलं नाही.

चारीवाला: पाण्याचं काय? 'जलउडी' छापलेलं पाहिलंय. ते तर पोहण्याच्या तलावात सूर मारल्यासारखं वाटतं.

शिट्टी: आणि 'हौद'ही नको. हौदाच्या भिंती उभ्या असतात. हा खड्डा अडसराजवळ खोल आणि पुढे चढत जाऊन ट्रॅकच्या पातळीला मिळतो. अडसरासकट लांबी ३.६६ मीटर. याच उतारामुळे जितकं लांब पडाल तितकं पाणी उथळ. म्हणून बरेचसे धावपटू इथे अडसरावर एक पाय टेकवतात, गुडघा वाकलेला ठेवून अंग खाली ठेवतात आणि पुढे रेटतात. जो वर उडतो तो खोल पाण्यात पडतो. दोन्ही पाय एकदम पडले तर धाव थांबतेच. एक पाय पाण्याच्या कडेला, दुसरा सरळ कोरड्यावर, असं जमायला हवं. मैदानावर पोरं नुसतं 'वॉटर' म्हणतात: 'वॉटरला मार खाल्ला'. लिहिताना 'पाणखड्डा' चालेल.

क्रियापदही सांभाळा. कोरड्या अडसरावरून 'उडी मारली' लिहू नका, तिथे घसटून निघायचं असतं, उंच उडणं म्हणजे वेळ घालवणं. 'ओलांडला' लिहा. हात किंवा पाय टेकला तरी नियमात बसतं. अडसराच्या बाजूने गेला, किंवा मागचा पाय अडसराच्या बाहेरून वरच्या पातळीखाली गेला, तर बाद.

चारीवाला: '३५ अडथळे' बरोबर ना?

शिट्टी: अडसर पाचच. त्यातला चौथा पाण्याचा. सात फेऱ्या, म्हणून ओलांडणी ३५: कोरडी २८, पाण्याची ७. सुरुवातीचा पहिला तुकडा, समाप्तीरेषा पहिल्यांदा पार होईपर्यंत, अडसराविना. फेरीही ४०० मीटरची नसते. पाणखड्डा आतल्या बाजूला असेल तर कमी, बाहेर असेल तर जास्त. त्यामुळे सुरुवातीची जागा मैदानागणिक बदलते. फेऱ्या मोजण्यातला घोळ किती महाग पडतो ते १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये दिसलं, अंतिम शर्यतीत एक फेरी जास्त धावायला लावली.

गोदाकाठ: आणि 'कनिष्ठ'?

कोशकीडा: कनिष्ठ म्हणजे लिपिक किंवा अभियंता. खो-खो, कबड्डीत आपल्याकडे 'कुमार गट' रुळलाय, तो घ्या. मात्र 'कुमार पुरुष' नको, नुसतं 'कुमार'. जागतिक स्पर्धेचं 'ज्युनियर' हे नाव २०१६ पासून '२० वर्षांखालील' असं झालं, म्हणजे त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला वय २० पूर्ण नसावं. त्याआधीच्या स्पर्धेला 'जागतिक ज्युनियर' लिहिणंच योग्य. आपल्या शालेय स्पर्धांचा '१९ वर्षांखालील' गट वेगळा, त्यात मिसळू नका.

गोदाकाठ: मग असं करतो: 'बार्सिलोना येथील २०१२ च्या जागतिक ज्युनियर स्पर्धेत केनियाच्या कॉन्सेस्लस किप्रुटोने कुमारांची ३००० मीटर स्टीपलचेस ८ मिनिटे ६.१० सेकंदांत जिंकली. २८ वेळा कोरडा अडसर आणि ७ वेळा पाणखड्डा ओलांडावा लागणाऱ्या या शर्यतीत...'

शिट्टी: चालेल. वेळ अशीच 'मिनिटे', 'सेकंद' हे शब्द लिहून ठेवा. '८.०६.१०' छापलं की कोणी ते आठ तास वाचतो.