पोकरच्या पाच-दहा सेंटच्या कॅश टेबलवर खेळ सुधारायचा असेल तर सुरुवात कोठून करावी?

एडिसनकर

नमस्कार मंडळी. मी न्यू जर्सीत राहतो. येथे परवानाधारक संकेतस्थळांवर ऑनलाइन पोकर २०१३ च्या नोव्हेंबरपासून कायदेशीर आहे आणि गेले आठ महिने मी ५ व १० सेंट ब्लाइंडच्या (स्मॉल आणि बिग, म्हणजे दोघांनी डावाआधी सक्तीने टाकायच्या रकमा), सहा जणांच्या नो-लिमिट होल्डेम टेबलवर (प्रत्येकी दोन झाकलेले पत्ते, मध्यभागी पाच सामाईक) १० डॉलर घेऊन बसतो. पत्त्यांची ओळख गावी गौरी-गणपतीच्या जागरणात तीन पत्ती खेळताना झाली. पोकर मात्र मी येथेच शिकलो. आतापर्यंत १८,००० डाव झाले असून दर १०० डावांमागे ४ बिग ब्लाइंड, म्हणजे एकूण ७२ डॉलर, तोटा आहे. मी ३८ टक्के डावांत स्वतःहून पैसे टाकतो, पण फ्लॉपपूर्वी, म्हणजे पहिले तीन सामाईक पत्ते उघडण्याआधी, रेझ (रक्कम वाढवणे) केवळ ११ टक्के डावांत करतो.

कालचा एक डाव देतो. मी बिग ब्लाइंडवर होतो आणि हातात एक्का-दश्शी होती. बटणावरच्या, म्हणजे वाटपाच्या जागेवरच्या, खेळाडूने ३० सेंटपर्यंत रेझ केले, स्मॉल ब्लाइंडने पत्ते टाकले आणि मी कॉल केला, म्हणजे तेवढीच रक्कम भरली. पॉट (मध्यभागी जमलेली रक्कम) ६५ सेंट झाला. फ्लॉपवर बदाम दश्शी, इस्पिक सत्ती आणि चौकट दुर्री आली. त्याने ४० सेंट लावले, मी कॉल केला. टर्नला, म्हणजे चौथ्या सामाईक पत्त्याला, किल्वर राणी आली, त्याने १ डॉलर लावला, मी पुन्हा कॉल केला. रिव्हरला, म्हणजे पाचव्या पत्त्याला, इस्पिक नव्वी आली आणि त्याने ३.४५ डॉलरच्या पॉटमध्ये ३.४० डॉलर लावले. मागच्या तासाभरात हा खेळाडू बहुधा कॉल करतानाच दिसला होता. मी कॉल केला आणि त्याने सत्तीची जोडी दाखवली, म्हणजे फ्लॉपपासून त्याच्याकडे तीन सत्त्या होत्या. माझे नेमके कोठे चुकले?

रिव्हरकाठ

फ्लॉप आणि टर्नवरचे तुमचे कॉल मला योग्य वाटतात. चूक रिव्हरवर झाली आहे. ३.४० डॉलर टाकून अखेरीस १०.२५ डॉलरचा पॉट मिळणार असेल, तर तुम्ही तीनांतून एकदा जिंकलात तरच हा कॉल बरोबरीत सुटतो. म्हणून प्रश्न असा आहे की, बहुधा कॉलच करणारा माणूस तीन वेळा पैसे लावून शेवटी पॉटएवढी रक्कम पुढे ढकलतो, तेव्हा तो तीनांतून एकदा तरी ब्लफ करत असतो का? या पातळीवरचा माझा अनुभव सांगतो की नसतो. शिवाय नव्वी तुमच्यासाठी फार वाईट पत्ता होता, कारण ज्या हातांना स्ट्रेट (ओळीने पाच पत्ते) हवा होता त्यांपैकी राजा-गुलाम, गुलाम-अठ्ठी आणि अठ्ठी-छक्की या तिघांचाही स्ट्रेट तिने पूर्ण केला. म्हणजे ज्यांनी निराश होऊन ब्लफ करावा असे बरेचसे हात त्याच पत्त्यावर तुम्हाला हरवू लागले.

तुम्ही तीन पत्तीचा उल्लेख केलात, तो मला महत्त्वाचा वाटतो. तेथे दोघेच उरले की पैसे टाकून शो मागता येतो, आणि समोरच्याचे पत्ते पाहिल्याशिवाय उठणे घरच्या बैठकीत कोणालाच आवडत नाही. ती उत्सुकता मी स्वतः कित्येक वर्षे पोकरमध्ये घेऊन फिरलो. येथे मात्र रिव्हरचा पैसा हा डावातला सर्वांत मोठा पैसा असतो, आणि ‘खरेच आहे का ते बघू’ म्हणून केलेले असे दोन-तीन कॉल दिवसभराची कमाई घेऊन जातात. तुमचे ३८ आणि ११ हे आकडेही तेच सांगतात. सहा जणांच्या टेबलवर स्थिर खेळणाऱ्याचे हे आकडे साधारण २४ आणि १९ च्या आसपास असतात. दोन्हींतले अंतर म्हणजे तुमचे निव्वळ कॉल, आणि ते तुमच्या बाबतीत २७ टक्के आहे.

याची दुसरी बाजूही लक्षात घ्या. समोरचे लोकही तुमच्यासारखेच कॉल करत असतील, तर त्यांच्यावर ब्लफ कमी करावा आणि चांगला हात असताना पैसे अधिक लावावेत.

गणिती

वरच्या विश्लेषणाशी मी सहमत आहे, पण तोट्याच्या आकड्याबद्दल लिहिणे आवश्यक वाटते. सहा जणांच्या नो-लिमिट टेबलवर दर १०० डावांमागे प्रमाण विचलन (निकालांतील चढउताराचे माप) सर्वसाधारणपणे ८० ते १०० बिग ब्लाइंड असते. ते ९० धरले, तर १८,००० डावांनंतर सरासरीतील प्रमाण त्रुटी सुमारे ६.७ येते, म्हणजे दोन्ही बाजूंना तिच्या दुप्पट अंतर धरले, तर तुमचा खरा दर उणे १७ पासून अधिक ९ पर्यंत कोठेही असू शकतो. म्हणून ७२ डॉलरच्या तोट्याने खचू नका आणि पुढच्या महिन्यात तेवढाच फायदा झाला, तरी त्यावरून खेळ सुधारला असेही मानू नका.

दुसरी गोष्ट रेकची, म्हणजे संकेतस्थळ पॉटमधून कापून घेते त्या हिश्श्याची. रेक ५ टक्के धरला, तर तुमच्या त्या १०.२५ डॉलरच्या पॉटमधून सुमारे ५ बिग ब्लाइंड संकेतस्थळाकडे गेले. फ्लॉप न पाहता डाव संपला, तर बहुतेक ठिकाणी रेक घेतला जात नाही. त्यामुळे स्मॉल ब्लाइंडवरून निव्वळ कॉल करून फ्लॉप पाहणे लहान टेबलवर विशेष महाग पडते. तेथे पुन्हा रेझ करावे किंवा पत्ते टाकावेत. आपल्या नोंदींमध्ये प्रत्येक जागेचा हिशेब वेगळा काढून पाहा.

पुणेकर वाचक

२०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानंतर भारतात पैसे लावून असे खेळ चालवण्यास बंदी आहे, त्यामुळे येथील वाचकांनी हा सल्ला केवळ अभ्यासापुरता घ्यावा. आम्ही चार मित्र पैशांविना चिप्सवर खेळून हेच डाव सोडवतो. मात्र गमावण्यासारखे काही नसले की सगळेच कॉल करतात आणि रिव्हरवरचा असा निर्णय खऱ्या अर्थाने घेतलाच जात नाही, हे मान्य करावे लागेल.

एडिसनकर

सर्वांचे आभार. जागेनुसार हिशेब काढला. स्मॉल ब्लाइंडवर सुमारे ३,००० डावांत दर १०० डावांमागे मी ५८ बिग ब्लाइंड गमावले आहेत. प्रत्येक वेळी पत्ते टाकून दिले असते, तरी तोटा ५० च झाला असता.

गणिती

३,००० डावांवर १६ ची त्रुटी येते, त्यामुळे ५८ आणि ५० यांतला फरक अजून सिद्ध होत नाही. मात्र त्या जागेवरून तुम्ही निव्वळ कॉल केलेले डाव वेगळे काढा आणि त्यांतील पन्नास, जिंकलेले धरून, येथे द्या. एकेक करून पाहू.